साळूंचे डोळे बघणारी कासियाती

भांडण मी मुद्दाम ऐकलं नाही. आमच्या आणि कासियातीच्या स्वयंपाकघरामध्ये एकच भिंत, तीही विणलेल्या बांबूची. पलीकडे कोणी शिंकलं तरी माझ्या कढईतल्या तेलाला कळायचं. मी तेंपेचे, आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, काप तळत होते आणि पलीकडे कासीचा धाकटा भाऊ मार्सुदी आला होता. बघता बघता दोघांचा आवाज चढला.

भांडण एका बाटलीवरून होतं. बोटाच्या पेराएवढी, पांढऱ्या टोपणाची, डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली. मार्सुदी साळू पाळायचा आणि विकायचा. त्याच्या शेडमधल्या सहा पिल्लांचे डोळे चिकटले होते आणि दुसऱ्या दिवशी बाजार होता. त्याचं म्हणणं, याचा एक थेंब घातला की संध्याकाळपर्यंत लाली जाते, डोळा टक्क उघडतो, गिऱ्हाईक खूश. कासीचं म्हणणं, लाली तेवढी जाते, जखम जात नाही. उलट ती आतल्या आत पोखरत जाते आणि पाचव्या-सहाव्या दिवशी डोळा फुटतो.

"फुटेल तेव्हा गिऱ्हाइकाच्या घरी फुटेल," मार्सुदी म्हणाला.

"सुदी, हे निदान मनात तरी म्हणायचंस."

"तू काय डॉक्टरीण लागून गेलीस? एकोणीस वर्षं दवाखान्यात फरशी पुसलीस."

"पुसली. डोळे मिटून नाही पुसली."

मग काहीतरी आपटलं. कासीनं ती बाटली चुलीत टाकली होती. जळक्या प्लास्टिकचा वास भिंतीतून आला आणि माझ्या तेंपेला असा लागला, की तो घाणा मी कोंबड्यांना टाकला आणि कोंबड्यांनीही खाल्ला नाही. मार्सुदी दारातून म्हणाला, आता गरज पडली तर तूच ये माझ्याकडे, मी काही येणार नाही.

थोरल्या बहिणीला धाकट्यानं असं म्हणायचं म्हणजे आमच्याकडे दार लावून घेतल्यासारखंच. ईदेच्या सकाळी धाकट्यानं थोरल्याच्या घरी जायचं, त्याच्या गुडघ्यांवर कपाळ टेकून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. थोरल्यानं आपण होऊन जायचं नसतं. गेला तर गल्ली हसते, आणि धाकट्याचीही मान खाली जाते. म्हणून कासी थांबली. दर ईदेला सकाळी सातला ती तपकिरी केबाया घालून पुढच्या खोलीत खुर्चीवर बसायची. नारळाच्या दुधातली कोंबडी, झावळीत बांधलेले भाताचे चौकोन, सगळं झाकून ठेवलेलं. दुपारची अजान झाली की उठायची आणि झाकलेलं ताट भिंतीवरून... नाही, भिंतीवरून कसं देईल, दारानं फिरून मला आणून द्यायची.

"यू पाइनेम, हे संपव. वाया जाईल."

मला गल्लीत सगळे यू म्हणतात, ताई म्हणावं तसं. अकरा ईदा मी मार्सुदीच्या वाटणीची कोंबडी खाल्ली. चव चांगली असायची.

आता त्या जनावराबद्दल सांगते. आम्ही त्याला छोटा साळू म्हणतो, शिकलेली पोरं हेजहॉग म्हणतात. रानातल्या मोठ्या साळूशी त्याचं काही नातं नाही. हा मुठीत मावतो, कुठल्याशा परक्या मुलखातून आला आणि आमच्या मलांग शहरात घरोघर शिरला. लोक त्याला गोंडस म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्याच्या पिंजऱ्याखालचा कागद बदललेला आहे. तो रात्रभर चाकावर धावतो, धावता धावता हगतो आणि त्यातूनच पुन्हा धावतो. सकाळी बघावं तर चारी पायांत बूट घातल्यासारखं. नवा वास आला, मग तो माझ्या चपलेचा का असेना, की आधी चाटायचा, तोंडाला फेस आणायचा आणि मान पिळून तो फेस स्वतःच्याच पाठीवरच्या काट्यांना फासायचा. मादी व्याल्यावर कोणी हात लावला तर ती पिल्लं खाऊन टाकते. एकदा मी डोकं नसलेलं पिल्लू बघितलं आणि दोन दिवस मला अंडं खाववलं नाही.

त्याचं खाणं म्हणजे जिवंत अळ्या. त्या अळ्यांचा धंदा कासीचा. नवरा गेला, दवाखान्यातलं काम सुटलं, तेव्हा तिनं नदीकाठच्या पक्ष्यांच्या बाजारात अळ्या विकायला सुरुवात केली. तिच्या खाटेखाली कोंड्यानं भरलेली नऊ पसरट पातेली असायची. अळ्यांचा आवाज येतो, हे कोणाला सांगून पटत नाही. कोणी वाळल्या पानावर नखं फिरवावीत तसा बारीक, न थांबणारा आवाज. कासी त्यावर निवांत झोपायची. मी तिच्या घरी कधी खाटेवर टेकले नाही.

आणि तरी मी तीस वर्षं तिची शेजारीण. बाईच तशी होती. बुटकी, रुंद, हसताना तोंडावर हात धरणारी, आणि हात धुण्याचं वेड असलेली. अळ्या चिवडून झाल्या की कोपरापर्यंत साबण लावून मनाशी वीसपर्यंत मोजत धुवायची. हे ती दवाखान्यात शिकली. डोळ्यांच्या विभागात परिचारिका दिवसातून शंभर वेळा नातेवाइकांना सांगायच्या: आधी हात धुवा, एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला लावू नका, बाटलीचं टोक पापणीला टेकवू नका, एक औषध घातल्यावर दुसरं पाच मिनिटांनी घाला. नातेवाईक हो हो म्हणायचे आणि विसरायचे. लक्षात राहिलं ते पोचा मारणाऱ्या बाईच्या.

अळ्या घ्यायला येणारे लोक रडगाणी सांगायचे. याचा डोळा उघडत नाही, त्याचा पाणावतो. कासीनं आधी एक बघितला, मग दुसरा, आणि मग लोक बुटांच्या खोक्यात साळू घेऊन थेट घरीच यायला लागले. तिची बघण्याची रीत साधी होती. दोन विटांवर काच ठेवायची, काचेवर साळू ठेवायचा, दिवा मालवायचा आणि गप्प बसायचं. आणणाऱ्यालाही बोलू द्यायची नाही. साळू घाबरला की गोळा होतो, मग तुम्ही काट्यांकडे बघत बसा. गप्प बसलं की दहा-पंधरा मिनिटांनी आपला आपण उलगडतो. आधी नाक, मग ओठ, मग डोळे. तेव्हा ती वाकून वरून, खालून बघायची.

मी कधी कधी शेजारी बसायचे, नाकाला पदर लावून. त्यामुळे मलाही थोडं कळायला लागलं. एक डोळा दुसऱ्यापेक्षा बारीक दिसतो, पंजानं चेहरा घासतो, डोळ्याखालची लव ओली राहते, सकाळी पापणीला खपली धरते: धूळ, मुताची वाफ, नाहीतर ओरखडा. बुबुळावर तांदळाच्या कणीसारखा पांढरा ठिपका असेल तर ती जखम, तिला थांबायला वेळ नाही. म्हाताऱ्या साळूचा डोळा आतून दुधाळ झाला असेल तर तो मोतीबिंदू, त्याला छळायचं नाही, तो नाकावर जगतो, फक्त घरातलं सामान हलवू नका. आणि डोळा खोबणीतून बाहेर आला असेल, जाड्या साळूंना हे फार होतं, तर मिठाच्या पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड त्यावर धरायचं आणि त्याच तासाला डॉक्टरकडे पळायचं. एका माणसानं तसा डोळा अंगठ्यानं आत दाबून आणला होता. काळ्या मिरीचा दाणा धाग्याला लोंबावा तसा तो... जाऊ दे. त्या माणसाच्या अंगठ्याला वास येत होता आणि तो त्याच हातानं मला सलाम करायला आला.

औषध कासी स्वतःच्या मनानं देत नसे. औषधाच्या दुकानातून मिठाच्या निर्जंतुक पाण्याची बंद बाटली आणायची, त्यानं खपली भिजवून भिजवून सोडवायची, ओढायची नाही. मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईकडे पाठवायची. त्या मलम द्यायच्या. पण घरी मलम लावायचं कोणी? लोकांना काटे टोचायचे. म्हणून रोज दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर, कासी कापडी पिशवी खांद्याला लावून निघायची आणि तीन-चार घरी जाऊन साळूंच्या डोळ्यांत मलम घालून यायची.

त्यातले निम्मे साळू मार्सुदीकडून घेतलेले असायचे. तिला ते बघताक्षणी कळायचं. काट्यांच्या बुडाशी त्याच्या शेडमधला पिवळा भुसा असायचा. पण कुठून घेतला, हे तिनं एकाही गिऱ्हाइकाला विचारलं नाही. भाऊ तिच्याशी बोलत नव्हता आणि ही त्याची घाण दारोदार जाऊन निपटत होती. मी एकदा तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, डोळा कोणी फोडला ते विचारलं तर सांगावं लागेल, आणि सांगितलं तर तो ईदेला कुठल्या तोंडानं येईल?

मग माझी पाळी आली.

माझी नात लारास सातवीत. तिच्याकडे एक साळू, नाव ओंदे, तिळाच्या गोळ्यावरून ठेवलेलं. ती शाळेबरोबर चार दिवस शिबिराला गेली आणि मला, आजीला ती एम्बाह म्हणते, सांगून गेली: एम्बाह, रोज दहा अळ्या दे, पाणी बदल, आणि त्याला हात लावू नकोस. हात लावण्याची मला कसली हौस. पण दुसऱ्या सकाळी बघते तर ओंदेचा डावा डोळा हिरवट-पिवळ्या खपलीनं शिवल्यासारखा, आणि खपलीखालून सारखं काही झिरपतंय. कासी बाजारात गेली होती. मला वाटलं, यात विचारायचं काय? माझ्या पाच पोरांचे डोळे मी नागवेलीच्या पानांच्या पाण्यानं धुतले, माझ्या आईनं माझे धुतले. सात पानं घेतली, विषमच घ्यायची असतात, उकळली, पाणी तांबूस झालं, जरा कोमट केलं. टॉवेलात साळू धरला आणि डोळ्यावर धार धरली.

तो किंचाळला. साळू किंचाळतो हे मला ठाऊक नव्हतं. तान्ह्या पोरासारखा किंचाळतो. मी म्हटलं, औषध झोंबतंय म्हणजे लागू पडतंय. त्या दिवशी तीनदा धुतला, दुसऱ्या दिवशी तीनदा. तिसऱ्या दिवशी खपली निघाली आणि आतला डोळा दिसला. वाफवलेल्या माशाचा डोळा असतो ना, तसा.

तेव्हा मी कासीला हाक मारली. तिनं ओंदेला काचेवर ठेवलाच नाही. वाकली, वास घेतला.

"यू, पानं उकळलीस?"

"सातच."

"माणसाच्या मिटल्या पापणीवर लावायचं ते तू त्याच्या बुबुळावर ओतलंस."

"माझ्या पोरांना कधी काही झालं नाही."

"तुझी पोरं बोंबलत पळून जायची. हा कुठं पळेल?"

माझे हात अजून टॉवेलात होते आणि टॉवेलाला पू लागला होता. मला त्या जनावराची किळस यायची ती नेहमीची. त्या दिवशी माझ्या स्वतःच्या हातांची आली.

संध्याकाळी लारास आली, बघितलं, रडली, आणि रडत रडतच तिनं कपाट उघडून एक बाटली आणली. पांढऱ्या टोपणाची. साळू विकत घेताना विकणाऱ्यानं फुकट दिली होती, डोळा लाल झाला तर एक थेंब घाल म्हणून. ती शिबिराला जाण्याआधी आठवडाभर रोज घालत होती. लाली जायची, पुन्हा यायची, ही पुन्हा घालायची.

कासीनं ती बाटली हातात घेतली. किती दिवस घातलंस, एवढंच विचारलं. मग ओंदेला पिशवीत घालून आम्ही तिघी डॉक्टरीणबाईकडे गेलो. बाई म्हणाल्या, बुबुळ पार झिजलंय, डोळा काढावा लागेल. काढला. परत येताना मी कासीला विचारलं, थेंबानं जास्त बिघडवलं की माझ्या पानांनी?

"निम्मं निम्मं वाटून घ्या," ती म्हणाली. लाराससमोर तिनं भावाचं नाव तरीही काढलं नाही.

मला काढायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाटली कमरेला खोचली आणि मार्सुदीच्या शेडवर गेले. माझं निम्मं मी घेतलं होतं, त्याचं निम्मं त्याच्या पदरात घालायला. अकरा वर्षांत मी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं.

शेडच्या दारातच माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मुताची वाफ इतकी, की श्वास घेतला तर जिभेवर चव येत होती. प्लास्टिकच्या खोक्यांचे चार थर, प्रत्येक खोक्यात दोन-तीन साळू, खाली भुसा. तो भुसा भुसा राहिला नव्हता, ओला काळा चिखल झाला होता, त्यात मेलेल्या अळ्या, आणि एका खोक्यात मेलेलाच साळू, ज्याच्या पोटाशी दुसरे दोघे ऊब घेत होते. जिकडे बघावं तिकडे मिटलेले डोळे. मी झाडणारी-पुसणारी बाई, बाळंतपणं केलेली, प्रेतं धुतलेली. मला वाटलं होतं, आता मला ओकारी आणणारं काही उरलं नसेल.

मार्सुदी आतून आला. एका डोळ्यावर रुमाल धरलेला. मी तोंड उघडायच्या आत त्यानं रुमाल काढला, खिशातून पांढऱ्या टोपणाची बाटली काढली, मान मागे टाकली आणि थेंब घातला. बाटलीचं टोक पापणीत रुतलं, आणि निघालं तेव्हा त्याच्याबरोबर एक पिवळी तार लांब होत आली. मग त्याच हातानं, तीच बाटली, त्यानं खोक्यातलं एक पिल्लू उचललं आणि त्याच्या डोळ्यात थेंब घातला.

मी बाहेर गटारावर जाऊन ओकले.

"यू पाइनेम, म्हातारी झालीस," तो दारातून हसला. भुशाचा कण गेलाय, म्हणाला, बारा दिवस झाले, थेंब घातला की संध्याकाळपर्यंत बरं वाटतं. मी तोंड पुसून वर बघितलं. उन्हात त्याच्या बुबुळावर तांदळाची कणी दिसत होती.

जे सुनावायला गेले होते ते मी सुनावलंच नाही. तशीच परत फिरले. कासी अंगणात बसून कोंड्यातल्या मेलेल्या अळ्या निवडत होती. मी सांगितलं. तिचे हात थांबले.

"उजेडाकडे बघतो का?"

"नाही. मिटून घेतो."

"पाणी की पू?"

"पू."

"ठिपका मधोमध की कडेला?"

कोणीही साळू घेऊन आलं की ती जे विचारायची तेच तिनं विचारलं, त्याच आवाजात. मग पुन्हा अळ्या निवडायला लागली. मी म्हटलं, काय विचार करतेस? ती म्हणाली, त्यानं यायला हवं, यू. मी थोरली. अकरा वर्षं थांबले ती काय आता आपण होऊन जायला? गेले तर तो म्हणेल, बाटलीबद्दल हरली.

"थांब मग," मी म्हटलं. "ईदेला येईल. कोणाचा तरी हात धरून येईल."

ती उठली. कोपरापर्यंत साबण लावला, वीस मोजले. पिशवी खांद्याला लावली आणि दारात चपला शोधता शोधता स्वतःशीच म्हणाली, "साळू तरी कधी पायी चालत आलाय माझ्याकडे?"

मी तिच्या मागोमाग गेले. गल्लीतल्या बायका बघत होत्या, बघू देत. बहीण आलेली पाहून मार्सुदी शेडच्या शेवटाला गेला आणि भिंतीकडे तोंड करून पोत्यावर बसला. कासीनं एक बादली उपडी घातली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली. बोलली नाही. मी बोलायला गेले तर मला हातानं गप्प केलं. त्या वासात आम्ही तिघं किती वेळ बसलो देव जाणे. माझी पोळपाटासारखी झालेली कंबर मोडून आली. खोक्यांतून खुडबुड चालू होती. शेवटी त्याची मान जराशी वळली.

"दुखतंय, यू," तो बहिणीला म्हणाला.

"दाखव."

तिनं बोटानं पापणी उचलली नाही, टॉर्चही लांबूनच धरला. बघितलं, टॉर्च विझवला आणि हात पुढे केला. त्यानं खिशातली बाटली तिच्या तळहातावर ठेवली. चूल नव्हती तिथं. तिनं ती पिशवीत टाकली, डॉक्टरांना दाखवायला लागेल म्हणाली, आणि रिक्षा बघायला मला पिटाळलं.

डोळ्यांच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, पण त्याची जीभ म्हातारी होती. बाटली बघितल्यावर त्यानं मार्सुदीला जे सुनावलं ते मी पाठ करून घ्यायला हवं होतं. जखमेत बुरशी वाढली होती आणि हा तिला रोज खतपाणी घालत होता. चोवीस दिवस दाखल ठेवला. दर तासाला थेंब. कासी खाटेजवळ बसून राहायची, हात धुवायची, थेंब घालायची, पुन्हा धुवायची. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तर ही पोचा मारत होती. नव्या पोरी कोपरे सोडतात, म्हणाली.

डोळा राहिला. नजर गेली, नुसता समोर हललेला हात कळतो, पण डोळा काढावा लागला नाही. शेवटच्या दिवशी डॉक्टर म्हणाला, आठवडा उशीर झाला असता तर खोबण रिकामी होती.

त्या चोवीस दिवसांत शेडकडे बघणारं कोणी नव्हतं. म्हणजे आम्हीच. सकाळी दवाखान्यातून येऊन कासी शेडवर जायची आणि मला ओढून न्यायची. नाकातोंडाला नेसायची जुनी सारोंग बांधून मी तो भुसा फावड्यानं ओढला. खालचा थर निघाला तेव्हा त्यात पांढरं काही वळवळत होतं, आणि ते कासीच्या अळ्या नव्हे, माश्यांचे किडे होते. सत्तावीस पोती घाण नदीपलीकडे नेऊन पुरली. घरी येऊन तीनदा अंघोळ केली तरी जेवताना बोटांना तोच वास. सून म्हणाली, आई, तुम्ही अंगणात बसून जेवा. तेवीस साळूंचे डोळे बिघडलेले निघाले. चार मेले, सहांचा एकेक डोळा गेला, बाकीचे मिठाच्या पाण्यानं आणि मलमानं सुधारले. खाली भुशाच्या जागी आम्ही जुनी सारोंग फाडून अंथरली, रोज बदलायची, रोज धुवायची. ती धुवायला कोण? तुम्ही ओळखलं असेल.

मार्सुदी घरी आला, शेड बघितली. आभार नाहीत, माफी नाही. मी मनात त्याला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. पण त्या वर्षीच्या ईदेला तो सकाळी आठला कासीच्या दारात उभा होता, नवी टोपी घालून. मी भिंतीला कान लावून होते, या वेळी मुद्दाम. खुर्ची करकरली, तो खाली बसला असावा. मग नाक ओढल्याचा आवाज, आणि कासीचा.

"डोळा चोळू नकोस. हात धुतलेस का?"

त्या वर्षी ताट माझ्याकडे आलं नाही. मी घरची कोंबडी खाल्ली.

मार्सुदी अजून साळू विकतो. थोडे विकतो. डोळा चिकटलेला साळू बाजारात नेत नाही, आणि गिऱ्हाइकाला मिठाच्या पाण्याची बंद बाटली देतो. सुधारला म्हणणार नाही मी, आळशी तो आहेच, शेडला वास अजूनही येतो. पण तोंडाला सारोंग न बांधता दारापर्यंत जाता येतं. त्याच्या अधू डोळ्यात जन्मभर दोन प्रकारचे थेंब घालायचे होते. त्याचा हात डोळ्याजवळ नेला की थरथरतो, म्हणून कासीच्या अस्रनंतरच्या फेरीत शेवटचं घर त्याचं झालं.

कासी गेली त्या मंगळवारचं सांगते. सकाळपासून तिच्या छातीत भरून आल्यासारखं होत होतं. वारा धरलाय म्हणाली, आल्याचं पाणी प्यायली, मी वारा उतरायला तिच्या पाठीवर तेल लावून नाणं घासून दिलं. वारा निघाला की पाठ लाल होते; तिची झाली नाही, नुसती गार लागत होती. मी म्हटलं, आज जाऊ नकोस, मलम एक दिवस चुकलं तर साळू काही कचेरीत तक्रार करणार नाही. ती म्हणाली, एक दिवसानं काय होतं ते तुला दाखवलंय ना मी. आणि पिशवी खांद्याला लावली.

पुढचं मला त्या त्या घरच्यांनी सांगितलं. सायकलवाल्याच्या घरी गेली, तिथल्या म्हाताऱ्या साळूचा मोतीबिंदू बघितला, त्याची खाण्याची वाटी कोणी हलवली म्हणून सुनेला बोलली. शिंपिणीकडे एका पिल्लाची खपली भिजवून काढली आणि दिलेला चहा नको म्हणाली. मग मार्सुदीकडे. शेडच्या बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले. त्याला उपड्या बादलीवर बसवलं, पहिला थेंब घातला, टोक पापणीला न टेकवता. पाच मिनिटं डोळा मिटून बस म्हणाली. तेवढ्या वेळात खोक्यातल्या एका मादीच्या डोळ्यात मलम घातलं, खालचं ओलं फडकं काढून सुकं अंथरलं, बाहेर जाऊन पुन्हा हात धुतले. तो म्हणाला, यू, तुझा रंग उतरलाय, बस जरा. ती म्हणाली, तू मान वर कर. दुसरा थेंब घातला, गालावर आलेलं पाणी कापसानं टिपलं, कापूस कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला, टोपण घट्ट लावलं आणि निघाली. घरापर्यंत ती पोचली नाही.